चाळीस झाडांची जागा

१४ जून १८६१, अमरावती

आज चाळिसावं झाड लावून झालं. पाठ सरळ होईना, म्हणून ही वही उघडून बसलो. पुढे मुलाबाळांना (अजून नाहीत) कळावं, की गावाच्या तटाबाहेरच्या, परकोटाबाहेरच्या या ओसाड तुकड्यावर त्यांच्या वडिलांनी काय केलं. म्हणून सगळं खरं लिहिणार आहे.

जागा बडनेऱ्याच्या वाटेवर आहे. सरकारनं ती मला एका अटीवर दिली. पाच पावसाळे सरल्यावर पुरुषभर उंचीची चाळीस झाडं जिवंत दिसली, तर जागा कायमची आणि साराही माफ. झाडं आहेत तोवर जागा आपली. एक जरी कमी भरलं तर जागा लिलावात जायची, वर बांधलेल्या घरासकट. घर बांधायला मी चिपळूणकडची माझ्या वाटणीची भातजमीन विकली आहे. नव्या मराठी शाळेच्या मास्तराला जो पगार मिळतो त्यात दुसरं घर या जन्मी होणार नाही.

रोपं आईनं पाठवली. आमच्या परसातल्या आंब्याची अठ्ठावीस आणि फणसाची बारा, करंड्यांत लाल मातीसकट. एका नातलगाच्या गाडीतून दीड महिना प्रवास करून आली, तरी हिरवी होती. मी दोरी धरून सरळ ओळीत लावली. फणस पश्चिमेला, आंबे बाकी तिन्ही बाजूंना.

बांधापलीकडे पार्वताबाईंचं शेत आहे. त्या आणि त्यांचा मुलगा सहदेव बैल थांबवून बघत होते. त्या म्हणाल्या, "मास्तर, हे झाडं या काया मातीत जगत नाईत. उन्हायात जमीन फाटते आन मुळं तुटतात." मी नम्रपणे सांगितलं की मी या गोष्टीचा पुरता विचार केला आहे. माझी बायको रमा अकोल्याच्या भिक्षुकाची मुलगी, तिचाही जन्म याच मातीतला. ती पार्वताबाईंकडे बघत राहिली.

२ नोव्हेंबर १८६१

चाळीसच्या चाळीस जिवंत. रोज सूर्यास्ताला प्रत्येकी एक तांब्या पाणी, कमी नाही की जास्त नाही. पद्धत म्हणतात ती ही.

गावात सगळीकडे कापूस, दुसरं बोलणं नाही. अमेरिकेत भाऊभाऊ लढत आहेत आणि त्यामुळे आमच्या सहदेवाच्या कापसाला भाव चढतो आहे. लोक बांधावरच्या बाभळी तोडून तिथंही सरकी पेरायच्या गोष्टी करत आहेत.

२८ मार्च १८६२

जमीन फाटली. शाळेतली वेताची छडी भेगेत घातली तर मुठीपर्यंत आत गेली. झाडं थोडी सुकल्यासारखी वाटतात, पण मी घाबरलेलो नाही. निदान इतरांना तसं दिसू देत नाही.

आज चिपळूणहून पत्र आलं. आई अंथरुणाला खिळली आहे. रजा मिळाली, उद्याच निघतो. झाडांबद्दलच्या नऊ सूचना स्वच्छ अक्षरात लिहून ओसरीच्या भिंतीला खळीनं चिकटवल्या आहेत.

३१ मार्च १८६२, वाटेत

रमाला वाचता येत नाही, हे आज गाडीत आठवलं.

१९ सप्टेंबर १८६२, अमरावती

काल परत आलो. आई गेली. मी पोचलो त्यानंतर अकरा दिवस होती, आणि रोज विचारायची, आंबे कसे आहेत? मी सांगायचो, चांगले आहेत. तिच्या हातचं आता जगात एवढंच उरलं आहे.

आणि खरोखरच चांगले आहेत. मला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आंबे माझ्या खांद्याला लागले आहेत. पानं थोडी अरुंद झालीत, पण तो हवामानाचा परिणाम असणार. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की दोन-तीन झाडं ओळीतून हातभर सरकल्यासारखी वाटली. दोरी धरताना माझीच चूक झाली असेल. रमा माझ्यामागून चालत होती. शेवटच्या आंब्यापाशी मी हात टेकून रडलो. तिनं पदर तोंडाला लावला आणि घरात निघून गेली.

मग तिनं सांगितलं, फणस बाराही गेले. त्या जागी तिनं डोक्याएवढे वाढलेले कडुनिंब आणून लावले आहेत. मला आधी राग आला. मग हिशेब केला: चाळिसातले अठ्ठावीस जगले, म्हणजे माझी पद्धत दोनतृतीयांशाहून अधिक खरी ठरली. पार्वताबाईंना हे ऐकवलं. त्या म्हणाल्या, "हाव मास्तर," आणि बैलांना हाकत गेल्या.

२५ सप्टेंबर १८६२

न्हाणीच्या चुलाण्यापाशी वाळक्या बारीक काटक्यांची मोळी आहे, एकसारख्या लांबीच्या. कुठून आल्या विचारलं तर रमा म्हणाली, इथल्याच. सहदेवाच्या गाडीतही ओला पेंढा आणि रिकाम्या करंड्या दिसल्या. तो म्हणाला, मधे आईच्या माहेरी, तिवशाला बैल पाहायला गेला होता. पण दावणीला जुनेच दोन आहेत. या लोकांचं बोलणं कधीकधी मला समजत नाही.

९ मे १८६३

उन्हाळा भयंकर आहे. शाळेत दुपारी बसवत नाही, म्हणून मुलांना घरी बोलावून शिकवतो. हजेरी दुप्पट झाली आहे. माझ्या शिकवण्याची गोडी लागली म्हणायची. मुलं मात्र पश्चिमेच्या निंबाच्या पट्टीतच दाटीवाटीनं बसतात, फळ्यासमोर जागा मोकळी असली तरी.

घर थंड राहतं. भिंतींना दोन हात चुना दिला त्याचा हा गुण. नवल एवढंच, की पूर्वेच्या खोलीलाही तोच चुना आहे आणि ती तापते.

रमानं न्हाणीचं पाणी चर खणून परसात नेलं आहे. गोठ्यामागे तिची काहीबाही लावालाव चालते, शेवगा, जांभूळ, लिंबू. बायकांना भाजीपाल्याची हौस असते. मी तिकडे फारसा जात नाही.

१७ नोव्हेंबर १८६४

दीड वर्षात या वहीला हात लागला नाही. गावाला वेड लागलं आहे. भाव तिप्पट-चौपट. सहदेवानं आईला हातात चांदीचे गोठ केले. एकजण तर बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी रुप्याची धाव बसवायची म्हणतो. खरं-खोटं त्यालाच ठाऊक.

आज कापसाचे दलाल भगवंतराव स्वतः आले. जागाभर फिरले, पावलं मोजली. मग ओसरीवर बसून म्हणाले, "मास्तर, काहून झाडं पोसून राहिले? इथं रुईच्या गठड्या ठेवल्या तं एका हंगामात तुमच्या सात वर्साचा पगार भेटते. जागा गेली तं जाऊ द्या ना. परकोटाच्या आत बांधलेलं घर देतो."

मी विचार करून सांगतो म्हटलं. पण खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. ते बोलत असतानाच मी परकोटातल्या त्या घराच्या खिडक्या मनात मोजत होतो.

१९ नोव्हेंबर १८६४

होकार दिला. रमाला सातवा महिना लागला आहे. इतक्या वर्षांनी देवानं दिवस दाखवले, आणि बापाजवळ काय आहे? चाळीस झाडं आणि एक छडी. अजून दीड वर्षानं सरकार मोजायला येईल. तोवर एक जरी झाड मेलं तर घरही गेलं. हाती आलेलं सोडावं तरी कसं?

रमाला सांगितलं. ती गहू निवडत होती. म्हटलं, आईचे आंबे तोडायला माझाही जीव होत नाही, पण आई असती तर नातवंडाकडे बघून हो म्हणाली असती. तिनं गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग विचारलं, कुऱ्हाडी कधी येणार? मी म्हटलं, परवा. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पार्वताबाईंकडे निघाली. या दिवसांत बाईनं एवढ्या झपाझप चालू नये, असं मी मागून म्हटलं.

२१ नोव्हेंबर १८६४

सकाळी भगवंतरावांची सहा माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, आणि दारातच थबकली. निंबाच्या सावलीत रांगोळ्या, मधे पाट, पाटावर हिरवं लुगडं नेसून, फुलांची वाडी भरून रमा बसलेली. भोवती तीस-पस्तीस बायका. बागेतलं डोहाळजेवण. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

मी रमाला बाजूला घेऊन म्हटलं, ही काय वेळ आहे? ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मले सावलीचे डोहाळे लागले आहेत. याच झाडांच्या सावलीचे."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. सातव्या महिन्यातल्या बाईचे डोहाळे मोडायचे, हे तोंडातून काढायची छाती कुणाची आहे? कुऱ्हाडवाल्यांचा मुकादमच म्हणाला, आम्ही उद्या येतो. त्याला पार्वताबाईंनी पुरणपोळी वाढली.

२९ नोव्हेंबर १८६४

आज नववा दिवस. रोज कुणाचं तरी डोहाळजेवण आहे. एके दिवशी अकोल्याहून तिच्या माहेरचं, एके दिवशी पार्वताबाईंचं, मग वेशीजवळच्या आळीचं, मग आणखी कुणाकुणाचं. सगळ्या बायकांना नेमकी याच आठवड्यात सवड मिळावी, हा मोठाच योगायोग. रोज सकाळी मुकादम येतो, जेवतो, जातो. त्याची माणसं अंगानं भरली आहेत.

आज तर भगवंतरावांच्या कुटुंबानं, गोदाबाईंनी, जेवण घातलं. त्या दिवस मावळेपर्यंत निंबाखाली पाय पसरून बसल्या. त्यांच्या घरी म्हणे अंगणातला एकुलता एक निंब गठड्यांसाठी तोडला, तेव्हापासून बसायला जागा नाही. उठताना मला म्हणाल्या, "मास्तर, आमच्या मानसाले सांगा, ही जागा भेटत नाई म्हनून. नाईतर मीच सांगतो."

त्यांनीच सांगितलं असावं. रात्री निरोप आला की हंगाम तोंडावर आहे, भगवंतरावांनी बाजाराजवळ दुसरी मोकळी जागा घेतली. परकोटातलं घर गेलं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण निंबाखाली उभा राहिलो, वारा सुटला होता, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. हे मी रमाला सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी १८६५

मुलगी झाली. नाव जमुना. रमा सुखरूप आहे. पहिल्या पानावर लिहिलेलं "मुलाबाळांना कळावं" आता कुणाला तरी उद्देशून झालं.

३ जुलै १८६५

अमेरिकेतली लढाई संपली. मुंबईची बातमी बाजारात पोचली तेव्हा म्हणे काट्यावरचा कापूस लोकांनी तसाच परत गाडीत भरला. भाव कोसळले आणि अजून कोसळतच आहेत. भगवंतरावांनी ज्या घराचं मला आमिष दाखवलं होतं ते घर सावकारानं ताब्यात घेतलं. मी त्यात असतो तर बायको आणि चार महिन्यांचं मूल घेऊन आज रस्त्यावर असतो. 

यंदाच्या चैत्रात आसपासच्या विहिरींचा तळ दिसला होता, पण आमच्या विहिरीला शेवटपर्यंत दोन पुरुष पाणी राहिलं. मी जागा पारखून खणली होती असं म्हणालो. पार्वताबाई म्हणाल्या की पहिल्या वर्षी हिचाही तळच दिसला होता, सावली धरली तसं पाणी धरलं. असेलही.

२० फेब्रुवारी १८६६

गावात मंदी आणि आमच्या दारात गाड्यांची रांग, असं उलटं झालं आहे.

भाव चढे होते तेव्हा मुंबईचा खरेदीदार मातीसकट कापूस उचलत होता. आता तो मूठ उघडून बघतो, आणि धूळ दिसली की पुढे जातो. बाजाराभोवती झाड म्हणून उरलेलं नाही. वारा सुटला की गठड्यांवर हातभर धूळ. मूर्तिजापूरकडून आलेले गाडीवाले सांगतात, तीन दिवस उन्हात उभं राहिलं की कापूस वजनालाही हलका भरतो.

आमच्याकडे मात्र रस्त्याच्या बाजूला रमानं लावलेलं मेंदीचं दाट कुंपण आहे, त्यामागे निंब. धूळ तिथंच अडते. हे प्रथम सहदेवाच्या ध्यानात आलं. त्यानं आपली गाडी दोन दिवस आत लावली, आणि त्याचा कापूस खरेदीदारानं एका नजरेत घेतला. त्यानंतर रोज आठ-दहा गाड्या असतात. गाडीमागे काय घ्यायचं ते रमा ठरवते, आणि महिनाअखेर ते माझ्या पगाराला मागे टाकतं. शेण वेगळं, ते झाडांना जातं.

आज भगवंतराव आले. पूर्वीसारखे पावलं मोजत नव्हते. उरलेल्या गठड्या आमच्या सावलीत ठेवायची परवानगी मागितली. मी मोठ्या मनानं हो म्हणणार होतो, पण त्यांनी विचारलं होतं रमाला. ती म्हणाली, "ठेवा. पण तुमच्या अंगणात निंब लावाचा पहिले. रोप मी देतो." त्यांनी मान खाली घालून रोप घेतलं.

८ एप्रिल १८६६

सर्वनाश. उद्या तहसीलदारसाहेब मोजणीला येणार, आणि आज दुपारी एका गाडीचा बैल बुजून आंब्यावर गेला. झाड बुंध्यात मोडलं. सगळ्या ओळी तीनदा मोजल्या. एकोणचाळीस.

पाच वर्षं, आणि एक कमी. दुसरं झाड रोवून ठेवावं असा विचार मनात आला, पण मी मुलांना खरं बोलायला शिकवतो. रमाला म्हटलं, अकोल्याला तुझ्या भावाला पत्र लिहितो, काही दिवस तिकडे राहावं लागेल. ती जमुनाला भरवत होती. म्हणाली, "मोजू द्या त्यांना. तुमी जेवून घ्या." तिला एकोणचाळीस आणि चाळीस यातला फरक समजत नाही असं वाटून मी चिडून बोललो. जेवलो नाही.

९ एप्रिल १८६६

सगळं नीट सांगतो.

साहेब सकाळीच आले. बरोबर कारकून, आणि चुन्याची बादली घेतलेला शिपाई. एकेक झाड मोजायचं, बुंध्याला चुन्याचं बोट लावायचं, आकडा मोठ्यानं बोलायचा. ऊन आठ वाजताच चढलं होतं. साहेब निंबाखाली खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. अशी बसण्यासारखी जागा आठ दिवसांच्या दौऱ्यात पहिलीच भेटली, म्हणाले.

पार्वताबाई, सहदेव, गाडीवाले, सगळे गोळा झाले होते. शिपाई ओळीओळीनं गेला. एकोणचाळीस म्हणाला आणि थांबला. मी पुढे होऊन मोडलेल्या झाडाचं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तो गोठ्यामागे वळला आणि तिथून आवाज आला, "चाळीस." मग एक्केचाळीस. मग बेचाळीस. शेवगे, जांभळं, एक बेल, चरालगत ओळीनं लिंबं, सगळी माझ्या डोक्याहून उंच. मी पाच वर्षं फक्त माझ्या ओळी मोजत होतो. शिपाई चुन्यानं पांढरे झालेले हात घेऊन परत आला आणि म्हणाला, "बावन्न, सरकार."

गाडीवाल्यांनी आरोळी ठोकली. साहेबही हसले. मला म्हणाले, काळ्या मातीत आंबे जगवणं सोपं नाही. कसं केलंत ते लिहून द्या, बाकीच्या गावांना पाठवतो. मी घसा साफ करून एक तांब्या पाण्याच्या पद्धतीपासून सुरुवात केली.

पार्वताबाईंना राहवलं नाही. "साहेब, मास्तरचे आंबे पयल्याच उन्हायात वायून मेले. समदेच्या समदे. हे तिवशाचे हाएत, माह्या भावाच्या आमराईतले. बाईनं आनवले, सहदेवनं गाडीत आनले, तिघाईनं मिळून लावले. झाडाजवळ मडकं पुरून त्यात पानी भरलं, आन भेगा बुजवत गेलो."

मी रमाकडे वळलो. ती दाराआड जमुनाला घेऊन उभी होती. सगळ्यांदेखत मी तिला विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती खाली बघत म्हणाली, "तुमी आईले पोचवून आले होते. तिचे आंबेही गेले, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

मला आधी लाज वाटली, फार लाज वाटली. मग आठवलं की त्या झाडाला धरून मी रडलो होतो, आणि चार वर्षं हिनं ते झाड माझ्यासाठी माझ्या आईचं ठेवलं. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. मी तिला बाहेर बोलावलं, साहेबांसमोर पाट मांडला, आणि दौत-लेखणी घेऊन खाली बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. सात पानं झाली. साहेब मधेमधे प्रश्न विचारत होते, तिला, मला नाही.

शेवटी कारकुनानं सनद भरायला घेतली. जागा कुणाची, या रकान्यात त्यानं माझं नाव लिहिलं. झाडं लावणाराचं नाव, या रकान्यापाशी तो थांबला. मी म्हटलं, रमाबाई लिहा. त्यानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली, आणि त्यानं लिहिलं. खाली मोहोर उमटली.

सनद आता पेटीत ठेवण्याआधी पुन्हा एकदा वाचली. कागदावर जागा माझी आहे आणि झाडं तिची. अट अशी आहे की झाडं आहेत तोवरच जागा आहे. म्हणजे मी माझ्या बायकोच्या घरी राहतो, आणि मला त्याचा इतका आनंद झाला आहे की लेखणी खाली ठेववत नाही.